गडचिरोलीत महिन्याला किती लागतात?

पुणं सोडून गडचिरोलीत राहायला आले त्याला आता दोन वर्षं होत आली. माझं काम भाषांतराचं आणि संपादनाचं, सगळं लॅपटॉपवर. कंपनी बंगळुरूची, सहकारी चार गावांत विखुरलेले. घरून काम करणारं ओळखीचं कोणी फोनवर भेटलं की दोन प्रश्न हमखास येतात. तिथे राहायला भीती नाही का वाटत? आणि महिन्याला किती लागतात?

पहिल्याचं उत्तर मी थोडक्यात देते. नक्षलवादाच्या ज्या बातम्या वाचून हा प्रश्न येतो, त्या बहुतेक दक्षिणेकडच्या आणि छत्तीसगडच्या सीमेवरच्या तालुक्यांतल्या असत. ऑक्टोबर २०२५मध्ये भूपती हा माओवाद्यांचा वरिष्ठ नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीतच शरण आला, त्यानंतर त्याही विरळ झाल्या. शहरात मी रात्री नऊला दूध आणायला एकटी चालत जाते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हिशेबाच्या वहीत आहे. गेल्या वर्षभराची सरासरी काढली तर महिन्याला साडेसतरा हजार रुपये. पुण्यात एवढ्यात माझं कोथरूडचं भाडंसुद्धा भागत नव्हतं.

आकडा खरा आहे. पण नुसता आकडा ऐकून कोणी सामान बांधू नये, कारण तो कशाचा बनला आहे हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

भाड्यापासून सांगते. इंदिरा गांधी चौकात चार रस्ते मिळतात: चंद्रपूरचा, आरमोरीवरून नागपूरला जाणारा, धानोऱ्याचा आणि चामोर्शीचा. शहर या चार रस्त्यांच्या कडेकडेने वाढलं आहे. २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळी झाली आणि तालुक्याच्या गावाला एकदम कलेक्टर कचेरी, पोलीस मुख्यालय, वनखात्याची कार्यालयं आली. ज्या भागात ही कार्यालयं आहेत त्याला लोक आजही ‘कॉम्प्लेक्स’ म्हणतात. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या जेमतेम ५४ हजार होती. कारखाना नाही, मोठी बाजारपेठ नाही. गाव उभं आहे ते नोकरदारांच्या पगारावर. त्यामुळे इथे घरमालक वरचा मजला बांधतात तो बदली होऊन येणाऱ्या शिक्षकाला, बँकेतल्या कारकुनाला किंवा नर्सबाईंना डोळ्यांसमोर ठेवून. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वेगळं मीटर, गाडी लावायला अंगण. मला अशा जागेचं भाडं पाच हजार पडतं. डिपॉझिट एका महिन्याचं, आणि करार तोंडी.

हे भाडं कमी का, याचं उत्तर सरकारी पगाराच्या पावतीतही सापडतं. सातव्या वेतन आयोगाने घरभाडे भत्त्यासाठी गावांचे तीन वर्ग ठरवले आणि सुरुवातीचे दर मूळ पगाराच्या २४, १६ आणि ८ टक्के असे बांधले. मुंबई-पुण्याला २४, नागपूरला १६, गडचिरोलीसारख्या गावांना ८. ज्या गावात बहुतेक भाडेकरू सरकारी नोकर असतात, तिथे भाडं भत्त्याच्या फार पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे इथल्या घराची किंमत बरीचशी मंत्रालयात ठरते. बाहेरची कमाई घेऊन येणारा माणूस या हिशेबात कुठेच नव्हता. तो आता येऊ लागला आहे, आणि मीही त्यातलीच.

अशा माणसाला जगभर ‘डिजिटल नोमॅड’ म्हणतात. त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांनी १९९७मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं, तेव्हा घरोघरी इंटरनेटही नव्हतं. आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसंच हे. फक्त बिऱ्हाड लॅपटॉपच्या बॅगेत. करोनाच्या साथीत ही जमात वाढली. एस्टोनियाने २०२०मध्ये तिच्यासाठी वेगळा व्हिसा काढला. थायलंडने २०२४मध्ये पाच वर्षांचा व्हिसा दिला, त्याची एक अट अशी की खात्यात पाच लाख बाट दिसले पाहिजेत. चियांग माई, बालीतलं चांगू, लिस्बन, आपलं गोवा ही या लोकांची गावं. सिक्कीममधलं याकतेन हे खेडंही २०२५मध्ये याच कारणासाठी नावारूपाला आलं. सगळीकडे गणित एकच: कमाई महाग गावाची, खर्च स्वस्त गावाचा. गडचिरोली अशा कुठल्याही यादीत नाही, आणि इथे समुद्र किंवा बर्फ पाहायला कोणी येत नाही. मीही भाडं परवडत नव्हतं म्हणून आले आणि जंगल आवडलं म्हणून राहिले.

खाण्याचा खर्च मला इथे खरंच कमी येतो. दुपारचा डबा मेसमधून येतो: भात भरपूर, वरण, एक रस्साभाजी, दोन पोळ्या. हा भाताचा मुलूख आहे, पोळी पाहुणी. संध्याकाळी मी घरी करते. किराणा, भाजी, दूध मिळून चार हजार दोनशे, डब्याचे दीड हजार. गॅसचं सिलिंडर नऊशेच्या वर जातं, पण एकटीला दोन महिने पुरतं. नवीन असताना भाजीवाल्या बाईने ‘सांबार देऊ का जी?’ विचारलं, तेव्हा मी इडलीबरोबरचं सांबार समजून नको म्हटलं होतं. तिने हसून कोथिंबिरीची जुडी पुढे केली. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला इथे येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

स्वस्त भाजी म्हणजे काय, हे मला पावसाळ्यातल्या एका आठवडी बाजारात कळलं. धानोऱ्याकडून आलेली एक बाई वास्ते विकत होती. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. किसून, खारवून त्यांची भाजी करतात. पळसाच्या पानांवर तिने पांढऱ्या किसाचे वाटे मांडले होते, एकेक वाटा वीस रुपयांचा, असे साताठ. तिच्या बोटांच्या कडा बांबूच्या कुसळांनी काळपट झाल्या होत्या. मी दोन वाटे घेतले आणि सवयीने ‘तीस द्या’ म्हणाले. ती काही बोलली नाही, तीस घेतले. परत येताना मी तिचा हिशेब मनाशी मांडला. धानोरा इथून चाळीस किलोमीटर. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं. जानेवारी २०२५च्या वाढीनंतर साध्या गाडीचं पूर्ण तिकीट सत्तरच्या आसपास बसतं. मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे म्हणून तिला जाऊन-येऊन सत्तर लागले असतील, नाही तर एकशेचाळीस. सगळे वाटे विकले गेले तर हातात दीडशे. जंगलात जाऊन कोंब काढणं, सोलणं, किसणं, तीन-चार तास बाजारात बसणं, या सगळ्याची मजुरी तिकीट वजा जाता ऐंशी रुपये, आणि त्यातले दहा मी कापून घेतले होते. चारोळी, मध, मोहफूल, मोहटोळ, डिंक, जंगलातलं जे जे बाजारात येतं त्याचं असंच आहे. त्यानंतर मी बाजारात घासाघीस करत नाही. वहीत भाजीचा आकडा महिन्याला दीडशे-दोनशेने वाढला असेल.

आता नेट. यावर माझं पोट आहे, म्हणून इथे मी काटकसर करत नाही. शहरात फायबर चांगलं चालतं. ४४९ रुपयांचा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३० रुपये. ही रक्कम पुण्यात असती तेवढीच. फरक पुढे पडतो. रस्त्याचं खोदकाम झालं, वादळात झाड पडलं, की लाइन तुटते आणि जोडायला माणूस कधी दुसऱ्या दिवशी येतो, कधी चौथ्या. म्हणून दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड, त्याचा वेगळा डेटा, राउटरला छोटा यूपीएस, घराला इन्व्हर्टर. पहिल्या जूनमधली एक संध्याकाळ आठवते. बंगळुरूच्या लोकांशी मीटिंग चालू, बाहेर वावधान सुटलेलं, आणि एकाएकी वीज गेली. फोनवर नेट लावावं तर टॉवरही बंद. मी लॅपटॉप आणि छत्री घेऊन रेंज मिळेल तिथवर, चौकापर्यंत पळत गेले, एका औषधाच्या दुकानाच्या ओट्यावर उभी राहून उरलेली मीटिंग संपवली. दुकानदार दादांनी आतून स्टूल आणून दिलं आणि काउंटरवरची बॅटरी माझ्या लॅपटॉपकडे वळवून धरली. दुसऱ्या दिवशी मी इन्व्हर्टर घेतला, बॅटरीसकट वीस हजारांच्या वर. स्वस्त गावातला माझा सर्वांत मोठा खर्च तोच. महिन्याच्या सरासरीत तो मी धरलेला नाही, आणि असे आकडे कोणीच सरासरीत धरत नाही.

शहराबाहेर पडलं की नेटची गोष्टच बदलते. एटापल्ली, भामरागड, कोरची या तालुक्यांत कितीतरी गावं अशी आहेत की फोन लागायला टेकडीवर किंवा ठरावीक झाडाखाली जावं लागतं. नोव्हेंबर २०२५मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात उपग्रहावरून इंटरनेट देण्यासाठी गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव आणि वाशिम या जिल्ह्यांची नावं आहेत. ते आलं तर माझ्यासारखीला भामरागडला राहता येईल का, असं एका मैत्रिणीने विचारलं. मला वाटतं, आधी तिथल्या आश्रमशाळेतल्या पोरांना आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना ते मिळू दे.

विजेचं बिल सरासरी नऊशे येतं, पण ही सरासरी फसवी आहे. पहिल्या शंभर युनिटांना दर कमी, त्यापुढे जवळजवळ दुप्पट. ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर दर मे महिन्यात देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत असतात आणि आम्ही त्यांच्या शेजारीच आहोत. कूलर दिवसरात्र चालतो. मे-जूनचं बिल दोन हजारांवर जातं, थंडीत चारशे. पावसाळ्यात मच्छरदाणीशिवाय झोपायचं नाही, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासायचं. राज्यात हिवतापाचे सर्वांत जास्त रुग्ण निघणाऱ्या जिल्ह्यांत हा जिल्हा राहिला आहे, आणि तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आता माझ्या वहीतल्या त्या रकान्याकडे येते, जो पुण्यात नव्हताच. त्याला मी ‘अंतर’ असं नाव दिलं आहे. मागच्या वर्षी लॅपटॉपचा चार्जर जळला. ऑनलाइन मागवला तर आठ दिवस, आणि हातातलं काम तीन दिवसांत द्यायचं. पहाटेच्या गाडीने निघाले: आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड, नागपूर. पावणेदोनशे किलोमीटर, साडेचार तास. माझं अर्धं तिकीट दीडशेच्या आसपास. चार्जर घेतला, दुपारचं जेवण, रिक्षा, आणि रात्री परत. दीड हजाराच्या वस्तूला वर सातशे रुपये आणि कामाचा एक पूर्ण दिवस. दाताचं मोठं काम, एखादी तपासणी, कॅमेऱ्याची दुरुस्ती, विमान, सगळ्याला नागपूर. सरासरी महिन्याला अठराशे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे जिल्ह्यातलं एकमेव रेल्वे स्थानक. तिथून गडचिरोलीपर्यंतची ५२ किलोमीटरची लाइन मंजूर होऊन दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. अजून रेल्वे गाठायची तर वडशापर्यंत एसटीच.

आणि मी तर जिल्ह्याच्या सर्वांत सोयीच्या टोकाला राहते. १४ हजार ४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा, बारा तालुके, तीन चतुर्थांशांहून जास्त जंगल. सिरोंच्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीत यायला दोनशे किलोमीटर. भामरागडची पर्लकोटा नदी चढली की पुलावरून पाणी जातं आणि तालुका दर पावसाळ्यात तुटत आला आहे. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या रस्त्यावर पहिली एसटी धावली ती १ जानेवारी २०२५ला. जसजसं आत जावं तसतसं घरभाडं कमी होत शून्यावर येतं, कारण भाड्याने द्यायचं घरच नसतं. आणि प्रत्येक वस्तूची किंमत चढत जाते, कारण तिच्यावर रस्ता चढलेला असतो. साबणाच्या वडीवर छापलेली किंमत तीच, पण ती वडी आणायला जाणाऱ्याचा दिवस मोडतो. जगातल्या स्वस्त शहरांच्या याद्या करणारे भाडं, जेवण, नेट असे रकाने आखतात. त्यांत अंतराचा रकाना नसतो, म्हणून त्यांना असा मुलूख स्वस्त वाटतो.

करमणुकीवर मी फारसं खर्च करत नाही. इतर गावांतल्या डिजिटल नोमॅड मंडळींच्या हिशेबात संध्याकाळच्या बिअरचा आकडा मोठा असतो. इथे तो रकानाच नाही. गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायांनी, चालवलेल्या आंदोलनामुळे १९९३पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ला आली आणि २०२१ला उठली; गडचिरोलीने टिकवली. चोरून मिळते हे खरं, तरी बाईमाणसाला रात्रीच्या रस्त्यावर जो मोकळेपणा वाटतो तो मला या बंदीमुळे वाटतो. दिवाळी झाली की झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या जंगलपट्ट्यातली, नाटकं सुरू होतात. वडसा ही त्यांची राजधानी. शंकरपट (बैलांची शर्यत) किंवा मंडई (जत्रा) असेल त्या गावात मंडप पडतो, रात्री दहाला पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. या रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. मी शेजारच्या काकूंबरोबर, चादर आणि भाजलेले शेंगदाणे घेऊन, हंगामात तीन-चार नाटकं पाहते. कोथरूडला नाट्यगृह घरापासून दहा मिनिटांवर होतं आणि मी वर्षात एकदा जायचे.

माझ्या साडेसतरा हजारांना स्वस्त कोणी म्हणायचं, हा प्रश्न मला अलीकडे जास्त छळतो. २०२५-२६मध्ये रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. महिन्यातले सव्वीस दिवस काम मिळालं असं धरलं, जे मिळत नाही, तरी आठ हजार एकशे बारा. माझं भाडं म्हणजे त्या हिशेबाने सोळा दिवसांची मजुरी. त्या माणसाच्या लेखी गडचिरोली शहर हे महाग शहर आहे.

आमच्या घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे. मी आले तेव्हा तिथे एटापल्ली तालुक्यातली दोन मुलं राहत होती, पोलीस भरतीची तयारी करणारी. भाडं पंचवीसशे, दोघांत मिळून. तांदूळ गावाहून पोत्यात यायचा, डाळ आणि तेल इथे घ्यायचे, स्वयंपाक आळीपाळीने. पहाटे साडेचारला दोघं मैदानावर: सोळाशे मीटर धावणं, शंभर मीटर, गोळाफेक, भरतीला हेच तीन प्रकार असतात. दिवसा अभ्यासिका. दोघांचा मिळून महिन्याचा खर्च सात हजारांच्या आत. माझं नेट रात्री रिकामंच असायचं, म्हणून मी त्यांना पासवर्ड दिला होता. ते सराव पेपर डाउनलोड करत आणि बदल्यात माझं सिलिंडर वर चढवून देत. लॅपटॉप आणि नेटच्या जोरावर परक्या गावात दिवस काढणारे मला या शहरात कोणी दिसले असतील तर ते हे दोघं, फक्त यांच्या बाबतीत लॅपटॉपच्या जागी एक जुना फोन.

मी ज्या खोल्यांत राहते तिथे माझ्याआधी एक शिक्षक राहत होते, साडेतीन हजार देऊन. घरमालकीण काकूंनी मला पाच सांगितले आणि पुण्याच्या भाड्याशी तुलना करून मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तेव्हा मला वाटलं, चला, स्वस्तात पडलं. त्याच वेळी जिल्ह्यात दुसरीकडे मोठी उलथापालथ चालू होती. २०२१पासून सुरजागडच्या लोहखनिजाच्या उत्खननाने वेग घेतला, कोनसरीला पोलादाचा कारखाना उभा राहू लागला, अभियंते आणि कंत्राटदार खोल्या शोधू लागले. आलापल्लीत, चामोर्शीत भाडी वाढल्याचं लोक सांगत. आमच्या गल्लीत मात्र कारखान्याचं कोणी आलं नव्हतं. आमच्या गल्लीत मी आले होते.

गेल्या दिवाळीनंतर काकूंनी मुलांना खोलीचे चार हजार मागितले. मी त्यांच्याशी बोलायला गेले, की मुलं चांगली आहेत, भरती तोंडावर आली आहे. काकू वाईट बाई नाहीत. त्यांच्या यजमानांचं पेन्शन बेताचं आहे आणि घराचं कर्ज अजून फिटायचं आहे. त्या म्हणाल्या, “तुम्ही पाच देता ना जी. मंग मागच्या खोलीचे चार काहून नाही मिळणार?” मला उत्तर सुचलं नाही. मुलांचे वाढीव पैसे मी भरते म्हणाले, ते मुलांनीच ऐकलं नाही.

महिनाअखेरीला त्यांनी नवेगावच्या बाजूला एक खोली पाहिली, मैदानापासून बरीच लांब. सामान फारसं नव्हतंच. एकाने तांदळाचं अर्धं पोतं सायकलच्या कॅरिअरवर बांधलं, दुसऱ्याने गोळाफेकीचा गोळा पिशवीत घालून हँडलला अडकवला. जाताना मोठा मुलगा दारात आला. “ताई, पासवर्ड बदलवून घ्या,” म्हणाला. मी बदललेला नाही.